वाटाण्याचा अंकुर आणि चित्रपटाचे भांडवल

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या पौराणिक कथापटास आद्यस्थान दिले जाते. परंतु त्याचे कर्ज एका विज्ञानविषयक लघुपटाच्या बळावर मिळाले, या बाबीचा विचार फारसा होत नाही. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली लंडनला गेलेले दादासाहेब फाळके विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा निर्मितीसाठी पैसा उरला नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी स्थिर ठेवला व दिवसामागून दिवस ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपले. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर अल्पावधीत उलगडली. 'अंकुराची वाढ' हा लघुपट पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिले. मात्र ते पुढील कथापटासाठी; विज्ञानपट केवळ त्याची हमी ठरला. स्वतंत्र निर्मात्यांना कर्ज देणारे फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन १९६० साली स्थापन झाले, तेही मुख्यतः कथापटांसाठीच. भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात पऱ्ह्यांची वाढ अशीच टिपता येईल. कुंडी, प्रकाश आणि चिकाटी यांना फाळक्यांच्या काळीही फारसा खर्च नव्हता. कॅमेरा तेवढा गहाणवटीवर आला होता.