मेणाच्या नळीतला शामा

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात आम्ही एकदा पावशाचे ध्वनिमुद्रण ऐकवले. जूनचे दिवस होते, ग्रामीण कवितेवर चर्चा चालू होती आणि 'पेरते व्हा' ही पावशाची साद वर्गात सर्वांना ठाऊक होती. मुद्रण संपल्यावर 'हा पक्षी कोणता?' असे विचारले. कोणी कोकिळ म्हणाले, कोणी भारद्वाज. शब्द साऱ्यांजवळ होता, आवाज कोणाजवळच नव्हता. विद्यार्थ्यांना हसण्याचे कारण नाही. आमच्यापैकी दोघांनाही तो ओळखता आला नसता, हे इथे कबूल केलेले बरे.

त्या तासानंतर आम्ही रानातले आवाज मुद्रित करून लोकांना ऐकवण्याच्या प्रथेचा इतिहास वाचू लागलो. निसर्ग आणि विज्ञान यांविषयी दीड-दोन मिनिटांत काही सांगणारी, पक्ष्याच्या प्रत्यक्ष आवाजाभोवती रचलेली श्राव्य गोष्ट हा आज एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावा इतका रुळला आहे. मराठी समीक्षेने त्याची फारशी दखल घेतलेली दिसत नाही.

ह्या इतिहासाचा आरंभ एका भारतीय पक्ष्यापाशी होतो, याचे आम्हांला आश्चर्य वाटले. १८८९ साली जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने वडिलांनी दिलेल्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळीवर, घरातल्या शामा पक्ष्याचे गाणे मुद्रित केले. पक्ष्याच्या गाण्याचे हे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने मुद्रण. शामा हा आपल्या सह्याद्रीच्या दाट झाडीतही गाणारा पक्षी. पण कॉखचा शामा पिंजऱ्यातला होता. म्हणजे निसर्गाचा पहिला मुद्रित आवाज हा बंदिवानाचा आवाज आहे. रान तिथे नाही, ऋतू नाही, उत्तर देणारा दुसरा शामाही नाही.

हाच मुलगा पुढे, १९३६ साली, नाझी राजवटीमुळे ज्यू म्हणून देश सोडून इंग्लंडला आला. ज्युलियन हक्सले आणि ई. एम. निकल्सन यांसारख्या जाणकारांचा त्याला आधार मिळाला आणि त्याच वर्षी निकल्सनसह त्याने इंग्लंडच्या रानपाखरांवर पुस्तक काढले, सोबत ध्वनिमुद्रिका जोडून. तेव्हाची मुद्रणयंत्रे इतकी अवजड की ती मोटारगाडीत ठेवावी लागत आणि तिथून लांबच लांब तारा ओढून झुडपाशेजारी ध्वनिग्राहक लावावा लागे. पुढे बीबीसीवरून जड जर्मन उच्चारांच्या इंग्रजीत बोलणारा हा निर्वासित इंग्रजांना त्यांच्याच परसातले पक्षी ऐकवू लागला. परक्या कानाने घरच्यांना घर ऐकवावे, असा हा प्रसंग आहे. बीबीसीच्या निसर्गध्वनींच्या संग्रहाचा पाया कॉखच्या मुद्रणांनी घातला गेला.

आकाशवाणी ह्या माध्यमाने मात्र कॉखच्याही आधी रानात पाऊल टाकले होते. १९ मे १९२४ रोजी सरे परगण्यातील आपल्या बागेत बिअ‍ॅट्रिस हॅरिसन ही वादक चेलो वाजवत बसली, जवळच्या झाडीतून नाइटिंगेल गाऊ लागला, आणि बीबीसीने ती जुगलबंदी थेट प्रसारित केली. श्रोते हरखून गेले. पुढे दर वर्षी हे प्रसारण होऊ लागले. २०२२ साली मात्र असा दावा पुढे आला, की त्या पहिल्या रात्री पक्षी गायलाच नव्हता, पक्ष्यांच्या नकला करणाऱ्या एका कलावंत स्त्रीने तो आवाज काढला होता. हा दावा सर्वांना मान्य नाही. आम्हांला त्यातला निकाल महत्त्वाचा वाटत नाही. कानाला पुरावा मानणाऱ्या माध्यमाच्या मुळाशीच ही शंका आहे, हे महत्त्वाचे वाटते. छापील शब्दावर आपण शंका घेतो, पाठभेद तपासतो. 'प्रत्यक्ष ऐकले' म्हटल्यावर आपली समीक्षा गप्प का बसते?

त्याच बागेत बरोबर अठरा वर्षांनी, १९ मे १९४२ रोजी, पुन्हा नाइटिंगेलसाठी ध्वनिग्राहक लावलेले असताना मॅनहाइमवर निघालेली सुमारे दोनशे बॉम्बफेकी विमाने वरून जाऊ लागली. शत्रूला सुगावा लागेल म्हणून तंत्रज्ञाने थेट प्रसारण तोडले, मुद्रण मात्र चालू ठेवले. ते आज ऐकायला मिळते. विमानांची घरघर हळूहळू चढत जाते आणि पक्षी गातच राहतो. त्यावर काव्यात्म भाष्य करण्याचा मोह आम्हीही आवरलेला आहे. पक्षी युद्धाविरुद्ध गात नव्हता. तो जोडीदारिणीसाठी आणि हद्दीसाठी गात होता. अर्थ आहे तो ऐकणाऱ्याचा.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची कथा निराळी. तिथे १९२९ साली आर्थर अ‍ॅलन आणि पीटर पॉल केलॉग यांनी बोलपटासाठीची यंत्रणा वापरून रानपाखरांचे आवाज टिपले. १९३५ साली ते लुइझियानातल्या दलदलीच्या अरण्यात हस्तिदंती चोचीच्या सुतार पक्ष्याच्या शोधात गेले. चिखलात मोटार चालेना, म्हणून यंत्रे खेचरांच्या गाडीवर लादली. पत्र्याच्या पिपाणीसारखा तो आवाज त्यांना मिळाला. हे अरण्य सिंगर ट्रॅक्ट म्हणून ओळखले जाई. आपल्या आज्यांच्या घरी जे शिवणयंत्र होते त्याच सिंगर कंपनीने यंत्रांच्या लाकडी पेट्यांसाठी ते घेतले होते. पुढे तोडीचे हक्क विकले गेले आणि अरण्य पडले. ह्या पक्ष्याचे सर्वमान्य असे शेवटचे दर्शन १९४४ सालचे. त्यानंतर त्याला शोधणारे लोक १९३५ चाच आवाज रानात वाजवून साद घालत आले आहेत. पक्षी आपल्याच मुद्रणाला उत्तर देईल ह्या आशेवर माणसे चिखलात उभी आहेत, हे दृश्य कोणत्याही शोकांतिकेच्या अभ्यासकाला अस्वस्थ करील.

यापुढचा पल्ला झपाट्याचा. यंत्रे हलकी झाली, खांद्यावरच्या पिशवीत मावू लागली आणि गोष्टही आखूड झाली. जिम मेट्झनरची 'पल्स ऑफ द प्लॅनेट' ही दोन मिनिटांची मालिका १९८८ साली, सिएटलची 'बर्डनोट' २००५ साली, आणि बीबीसीची दीड मिनिटाची 'ट्वीट ऑफ द डे' ६ मे २०१३ रोजी सुरू झाली. ह्या शेवटच्या मालिकेचा पहिला भाग डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनी कुकूवर सादर केला. पक्ष्याचा आवाज आणि त्याभोवती मोजकी वाक्ये, एवढाच तिचा ऐवज. आवाज येताच निवेदकाला विशेषणे वापरण्याची सोय उरत नाही, कारण श्रोता स्वतः ऐकत असतो. आमच्या ललित गद्याला हा धडा सोसेल काय, कोण जाणे.

आपल्याकडे सलीम अलींनी आकाशवाणीवर पक्ष्यांविषयी इंग्रजीतून अनेक भाषणे दिली; ती २०२१ साली 'वर्डस् फॉर बर्डस्' ह्या नावाने ग्रंथरूप झाली. आणि मुद्रणाच्या कितीतरी आधी लोकभाषेने आपली नोंद करून ठेवली होती. ज्या पावशाने मराठी शेतकऱ्याला 'पेरते व्हा' म्हटले, तोच हिंदीत 'पी कहाँ' असे विरहिणीला विचारतो, आणि इंग्रज साहेबाला त्याच तीन सुरांत 'ब्रेन फीव्हर' ऐकू आला. पेरणी, विरह आणि उन्हाळ्याचा ताप! स्वर तेच, पाठ तीन. मेणाच्या नळीला हे कधी जमले नसते. पण आता नुसता पाठ उरून स्वर हरवत असेल, तर नळीचेही काम आहे.

त्या तासानंतर काही दिवसांनी वर्गातील एका विद्यार्थिनीने गावाहून भ्रमणध्वनीवर पावशाचा आवाज टिपून आणला. एक मिनिटाचे मुद्रण. पक्षी दूर होता. जवळ विहिरीवरची मोटार चालू होती, आणि मधेच तिचे वडील बैलांना हाका मारताना ऐकू येत होते. "मोटारीचा आवाज काढून टाकता येतो म्हणे. काढू का?" तिने विचारले. आम्ही नको म्हणालो, आणि पुन्हा एकदा लावायला सांगितले.