फुटलेलं सोलर पॅनेल दुरुस्त का होत नाही?

मागच्या एप्रिलमध्ये गावाकडे गारपीट झाली आणि आमच्या गच्चीवरच्या एका सोलर पॅनेलच्या काचेचं पार जाळं झालं. बाबांचा लगेच फोन, "अरे, तू इंजिनिअर ना? एम-सील लावून भागेल का?" म्हटलं, बघून सांगतो. आणि बघता बघता पोचलो थेट १८८४ मध्ये!

त्या साली चार्ल्स फ्रिट्सने न्यूयॉर्कमधल्या एका छतावर पॅनेल बसवलं. सेलेनियमवर सोन्याचा पातळ थर. पण उन्हातली एक टक्काही ऊर्जा त्यातून विजेत बदलत नव्हती. आज वापरतो तसला सिलिकॉन सेल बेल लॅब्सने १९५४ मध्ये दाखवला. हा सेल म्हणजे भाजलेला पापड समजा. जरा दाब पडला की तडा. त्याला छतावर टिकवायचं कसं?

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने हे काम मनावर घेतलं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जेपीएलकडे, म्हणजे अंतराळयानं बनवणाऱ्या संस्थेकडे, स्वस्त आणि टिकाऊ पॅनेलचा प्रकल्प आला. सुरुवातीच्या बऱ्याच पॅनेलवर काचेऐवजी रबरासारखा मऊ थर असायचा. त्यावर धूळ चिकटून बसायची. गारांचं काय? तर या लोकांनी बर्फाचे गोळे बनवले आणि बंदुकीसारख्या यंत्रातून पॅनेलवर मारले!

हळूहळू आजचं सँडविच ठरलं. वर टफन केलेली काच, मग ईव्हीए नावाचं प्लास्टिक, सेल, पुन्हा ईव्हीए, मागे शीट. हवा काढून, साधारण १५० अंशांना तापवून सगळं एकजीव करायचं. आजच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा ताशी सुमारे ८३ किलोमीटर वेगाने ११ ठिकाणी मारतात. आमच्याकडच्या गारा बहुतेक त्याहून मोठ्या होत्या.

आता गोची बघा. पाणी आत जाऊ नये म्हणून जे चिकटवलं, ते उघडताच येत नाही. काच काढायला गेलं की सेल तुटतात. टफन काच फुटली की सगळीच तडकते, म्हणजे ठिगळ लावायलाही जागा नाही. टिकाऊपणा मिळवताना आपण दुरुस्ती सोडून दिली. मागचा जंक्शन बॉक्स, त्यातला बायपास डायोड, कनेक्टर, वायर एवढंच बदलता येतं.

बाबांना मी तीन गोष्टी सांगितल्या. एक, फुटलेल्या पॅनेलला हात लावू नका. उन्हात ते वीज बनवतच राहतं, आणि तड्यातून पाणी गेलं की शॉक बसू शकतो. काम सोलरवाल्यालाच करू द्या. दोन, नवीन पॅनेल जुन्याच्या करंटशी जुळणारं हवं, नाहीतर जोडलेल्या सगळ्या रांगेची वीज घटते. तीन, जुनं पॅनेल भंगारवाल्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे ते कायद्याने ई-कचऱ्यात येतं.

बाबा म्हणाले, "म्हणजे आमचा जुना रेडिओच बरा, निदान उघडता तरी यायचा." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!