कडी आणि खांब

विद्यार्थ्याला उद्योजकतेची दृष्टी शिकवता येते काय, असा प्रश्न हल्ली परिसंवादांतून वारंवार विचारला जातो. आम्हांला तो लातूर-नांदेडच्या इतिहासाला विचारावासा वाटतो.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिक्षणाची वाट कचेरीकडे जाई. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. खाजगी शाळा काढण्यास सरकारची अनुज्ञा लागे. अशा काळात १९२१ साली आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा उभी राहिली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. सरकारी नोकर घडवणे हा त्या शाळेचा हेतूच नव्हता. स्वतःच्या पायांवर उभी राहणारी माणसे तिला हवी होती. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाला स्वामीजींचे नाव दिले गेले, ते यथोचितच होय.

मात्र व्यापार-उदीम शाळेबाहेरच राहिला. लातूरच्या गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर अडत, डाळ, तेलबिया आणि किराणा यांची उलाढाल चाले. पेढीवर बसणारा पोर भाव, उधारी आणि पत यांचे धडे गिरवी. वर्गात बसणारा पोर व्याकरणाचे. शाळा आणि पेढी यांची सोयरीक काही जुळली नाही.

ती जुळू शकते, याचा एक पडताळा पुढे हैदराबाद शहरातच मिळाला. १९६४ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी आंध्रातील काकीनाडा येथील व्यापाऱ्यांना तेथील लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत अल्प मुदतीचे शिक्षण दिले. नंतरच्या काळात ही मंडळी प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा नव्या उद्योगांत अधिक धडाडीने उतरल्याचे आढळले. अशा प्रशिक्षणांतून रूढ झालेला एक खेळ मोठा बोलका आहे. जमिनीवर खांब रोवायचा आणि त्यात कडी टाकायची; मात्र किती अंतरावरून, हे खेळणाऱ्याने स्वतः ठरवायचे. भित्रा खांबाला चिकटून उभा राहतो, दैववादी फार दूर जातो. कर्तबगारीची ओढ असलेला मधले अंतर निवडतो, जेथे यश अवघड असते पण आवाक्यात असते. हेच सूत्र देशभरच्या उद्योजकता-प्रशिक्षणांत उतरले, आणि १९८८ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र सुरू झाले.

साधारण त्याच सुमारास लातुरात एक वेगळेच पर्व उगवत होते. १९७० साली स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने जादा तासिका, सराव परीक्षा आणि अविश्रांत उजळणी यांची पद्धत बसवली. बारावीच्या गुणवत्ता याद्यांत लातूरची नावे झळकू लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला. मागास म्हणून हिणवलेल्या प्रदेशाला या यशाने आत्मविश्वास दिला, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पुढे वैद्यकीय प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांनी लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे गजबजली. विद्यार्थ्यांच्या आधाराने वसतिगृहे, खानावळी, डबेवाल्या, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकाने असा केवढा तरी संसार उभा राहिला. गंमत अशी की, विद्यार्थ्याभोवतालचे अवघे शहर उद्योजक झाले. विद्यार्थी तेवढा झाला नाही. त्याने कोठे उभे राहून कडी टाकायची, ते अंतर दुसऱ्यांनीच आखून दिले होते.

या दोषातून आम्ही स्वतःला वगळत नाही. आमच्या परिचयाचा एक मुलगा शेतीपंपांच्या मोटारी दुरुस्त करण्यात रमत असे. गावात स्वतःचे दुकान घालू काय, असे त्याने आम्हांला विचारले. "आधी परीक्षा पुन्हा दे," असे आम्ही अधिकारवाणीने सांगितले. तो दोन वर्षे परीक्षा देत राहिला. त्याच्या वडिलांवर कर्ज झाले. दुकान त्याने अखेर घातलेच, पण आमचा सल्ला त्याला महागात पडला.

वर्गाने जे दिले नाही ते याच मातीत एका आपत्तीने दिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. त्यानंतर शेकडो गावांत घरदुरुस्तीचे काम निघाले. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या स्त्रिया 'संवाद सहायक' झाल्या. हप्ता कधी मिळतो, भिंत मजबूत कशी करतात, हे त्यांनी आधी स्वतः समजून घेतले आणि मग शेजाऱ्यांना समजावले. त्यातून बचतगट आले आणि बचतगटांतून छोटे व्यवसाय. २०१६ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाने या संस्थेला इक्वेटर पारितोषिक दिले. यांतल्या कितीतरी जणींनी उद्योजकता हा शब्दही पूर्वी ऐकला नसेल. त्यांच्यावर खरी जबाबदारी सोपवली गेली, चुका सावरायला कोणी पाठीशी उभे राहिले आणि हिशेब त्यांनाच द्यावा लागला.

आमच्या मते प्रश्नाचे उत्तर येथे आहे. ही दृष्टी शिकवता येते. परंतु केवळ पाठ्यपुस्तकात एक प्रकरण वाढवून नव्हे. शाळेच्या सहकारी भांडाराची वही मुलांच्या हाती द्यावी, गंजगोलाईत एक दिवस भाव टिपायला पाठवावे, स्नेहसंमेलनाचा जमाखर्च त्यांच्यावर सोपवावा आणि तोटा आला तर रागावण्याऐवजी तो कोठून आला हे त्यांच्यासोबत शोधावे. शुभवर्तमानातील धन्याने बोल लावला तो नाणे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या सेवकाला. मुलांचे नाणे जपण्याच्या मायेने आपण वडीलधारीच ते पुरत असू, तर तो बोल प्रथम आपल्याला लागू पडतो. खांब जागेवर आहे, कडी मुलाच्या हातात आहे. अंतर तेवढे त्याला निवडू द्यावे.