बंदरावरचे दहा तास

गेल्या हिवाळ्यात सिंगापूरला स्थायिक झालेल्या आमच्या मामेभावाचा निरोप आला. ही मंडळी पर्यटनाच्या जहाजाने कोलंबोस निघाली होती आणि वाटेत एक दिवस जहाज चेन्नई बंदरात थांबणार होते. सकाळी आठला उतरावयाचे व सायंकाळी सहाच्या आत परत चढावयाचे. मधल्या दहा तासांत काय दाखवाल, असा प्रश्न होता. सोबत यादीही होती. मरीना, महाबलीपुरम, मैलापूरचे कपालीश्वर, एखादे संग्रहालय आणि वहिनींसाठी कांजीवरम लुगडी! बदलीच्या नोकरीत परमुलखी पडलेल्या माणसाला घरच्या पाहुण्याचे किती अप्रूप असते, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नकोच. आम्ही रजा टाकली. यादीवर मात्र कात्री चालविली. महाबलीपुरमला जाऊन येण्यात अर्धा दिवस मोटारीतच सरतो. त्यापेक्षा बंदरापासून दोनतीन मैलांच्या आत हिंडावे व बोटीने आलेल्याने हे शहर समुद्राच्या बाजूने पाहावे, असे आम्ही ठरविले.

अण्णा, वहिनी आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी धक्क्यावरून चालत, पायाला पाण्याचा थेंब न लागता बाहेर आली. या शहरात असे कोरडे उतरणे ही फार जुनी गोष्ट नव्हे. १६३९ मध्ये इंग्रजांनी येथे जागा मिळविली तेव्हा किनारा होता तो सरळ, उघडा आणि वाळूचा. ना खाडी, ना मुंबईसारखे आडोशाचे बंदर. जहाजे दूर खोल पाण्यात नांगर टाकीत. तेथून माणसे आणि माल किनाऱ्यावर येई तो मसूला नावाच्या पडावांतून. या पडावांना खिळा म्हणून नसे. काथ्याने फळ्या एकमेकींना शिवलेल्या असत, कारण फुटत्या लाटेच्या तडाख्याखाली ताठ होडीच्या चिंधड्या होतात. शिवलेली होडी वाकते आणि वाचते. लाटांच्या ओळी ओलांडून पडाव वाळूला लागला की नावाडी उतारूंना खांद्यावर किंवा खुर्चीत उचलून कोरड्यात ठेवीत. गव्हर्नर असो की कारकून, मद्रासेत पहिला प्रवेश तो असा, भिजून आणि दुसऱ्याच्या खांद्यावरून. शेजारी कोळ्यांचे कट्टुमरम चालत. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. हा शब्द पुढे इंग्रजीने उचलला आणि आज तो श्रीमंतांच्या शर्यतीच्या नौकांना लावतात.

सव्वादोनशे वर्षे हे असेच चालले. अखेर १८७५ च्या डिसेंबरात प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बंदराची पायाभरणी झाली. समुद्रात दोन बाहू घालून मध्ये शांत पाणी कोंडावयाचे, अशी ती योजना. काम पुरे होत आले असता १८८१ च्या नोव्हेंबरात वादळ झाले आणि त्याने ते बाहू मोडून टाकले. पुन्हा बांधून होईतो शतक संपत आले. त्यातही पूर्वेकडचे तोंड वाळूने भरू लागले. तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी ते बंद करून ईशान्येला नवे तोंड उघडले.

हे सारे मरीनावर उभे राहून सांगण्यात आमचा एक हेतू होता. अण्णा त्या वाळवंटाकडे पाहून म्हणाले, “निसर्गाने काय हात सैल सोडला आहे!” पण निसर्गाचा हात येथे अर्धाच आहे. या किनाऱ्याने वर्षाचे बरेच महिने वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत असते. बंदराचे बाहू तिच्या वाटेत आडवे आले, तशी ती दक्षिणेस साठत गेली व समुद्र मागे हटला. गव्हर्नर ग्रँट डफ यांनी १८८० नंतरच्या दशकात येथे फिरण्याचा रस्ता करून त्याला मरीना हे नाव दिले. पुढे वर्षानुवर्षे वाळूचा पट्टा रुंदावत गेला. जी वाळू येथे अडली ती उत्तरेस पोचली नाही. तिकडे रायपुरमच्या बाजूला समुद्राने किनारा खाल्ला, कोळ्यांची घरे घेतली, आणि आता तेथे दगडांचे बांध घालावे लागतात. पर्यटकांची मोटार त्या बाजूला सहसा वळत नाही. आम्हीही त्या दिवशी वळलो नाही.

दहाच्या सुमारास सेंट जॉर्ज किल्ल्यात गेलो. आज तेथे तमिळनाडूचे विधिमंडळ आणि सचिवालय आहे. शिवाय १६८० मधले सेंट मेरीचे गिरिजाघर, बाँबगोळ्यांस दाद देऊ नये असे जाड छपराचे. मुलीला गिरिजाघरात रस नव्हता. तिने विचारले, “काका, इथे आपलं काही आहे का?”

आहे, पण ते कागदावर आहे. १६७७ मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकच्या मोहिमेवर आले, जिंजी घेतली, वेलोरला वेढा बसला. त्या मे महिन्यात त्यांच्याकडून एक ब्राह्मण आणि आणखी दोघे पत्र घेऊन या किल्ल्यात आले. मागणी काय, तर विषावरचे उतारे आणि औषधी खडे! गव्हर्नर लँगहॉर्न आणि त्याच्या मंडळाने ते पाठविले, जोडीला बागेतली फळे दिली, ब्राह्मणास तीन वार बनात व थोडे चंदन दिले आणि इतक्या क्षुल्लक वस्तूंची किंमत मागू नये असे ठरवून तसे दप्तरात नोंदविले. दारी फौज असता व्यापाऱ्याने हिशेब कसा सोडावा, याचा हा नमुना. पुढे महाराजांनी किल्ले पाडण्याच्या कामी जाणते इंग्रज कारागीर मागितले, तेव्हा मात्र इंग्रजांनी गोड शब्दांत अंग काढून घेतले.

तेथून तंबू चेट्टी रस्त्यावरील कालिकांबाळच्या देवळात, दुपारी दार लागण्याआधी पोचलो. आमची भाषा ऐकून अर्चकांनी आपण होऊन आम्हाला बोलाविले आणि ३ ऑक्टोबर १६७७ रोजी महाराजांनी येथे देवीचे दर्शन घेतल्याची हकीकत सांगितली. परक्या गावात अशी हकीकत ऐकली की मराठी माणसाची छाती उगाच चार बोटे रुंद होते. अण्णांनी नमस्कार केला, वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. मुलगी हळूच म्हणाली, “काका, महाराज खरंच आले होते?”

अर्चक समोर उभे होते. आम्ही तिला “जेवताना सांगतो” म्हटले, आणि जेवण येईपर्यंत आमचीच पंचाईत झाली. हो म्हणून टाकणे सोपे होते. पोर परदेशात वाढते आहे, तेवढाच एक धागा घट्ट झाला असता. पण इतिहास घेऊन पदवी मिळविलेल्या माणसाला ते जमेना. आम्ही तिला जसे आहे तसे सांगितले. परंपरा म्हणते महाराज वेष पालटून आले. मग कंपनीच्या दप्तरात त्याची नोंद कोठून असणार? त्या सुमारास ते याच मुलखात होते, ही गोष्ट पत्रांवरून पक्की. देवीचे भक्त होते, हेही पक्के. दर्शनाला मात्र त्या काळचा कागद नाही. शिवाय इंग्रजांचे पंचांग तेव्हा दहा दिवस मागे चाले, तेव्हा तारीख सांगणाऱ्याला ती कोणत्या पंचांगाची हेही विचारावे लागते. “म्हणजे आले असतील,” ती म्हणाली. “असतील,” आम्ही म्हणालो. अण्णांचा चेहरा जरा उतरला. त्यांनी पापड मोडला आणि विषय बदलला.

आम्हाला वाटते, त्यांना आणखी एक गोष्ट सांगावयास हवी होती. या प्रांतात मराठ्यांची आठवण सारीच देवदर्शनाची नाही. १७४० मध्ये रघूजी भोसल्यांच्या फौजा आल्या, नबाब दोस्त अली लढाईत पडला आणि त्याच्या घरच्यांनी फ्रेंचांच्या पाँडिचेरीत आसरा घेतला. पण जेवणावर तेवढे पुरे झाले होते.

दुपारी उच्च न्यायालयाच्या भिंतीवरील पाटी दाखविली. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बंदरासमोर येऊन सुमारे अर्धा तास तोफा डागल्या, बर्मा ऑईल कंपनीच्या टाक्या पेटविल्या आणि अंधारात निघून गेली. तमिळमध्ये बिलंदर माणसाला अजून ‘एम्डन’ म्हणतात. अण्णांना ही गोष्ट भलतीच आवडली. “अर्ध्या तासात शब्द ठेवून गेला,” ते म्हणाले, “आम्हाला दहा तास मिळाले!”

लुगड्यांच्या दुकानात दीड तास गेला, त्याचे वर्णन करीत नाही. साडेपाचला बंदराच्या दारात मुलगी तिच्या वहीत काही लिहीत होती. आम्ही वाकून पाहिले. वर ‘कालिकांबाळ’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले होते; आणि त्याखाली, प्रश्नचिन्हाशिवाय: ‘मे १६७७. तीन वार बनात, चंदन, फळे.’ शिपायाने घाई केली तशी वही मिटून ती आत गेली. आम्ही बीच स्टेशनावर येऊन ताम्बरमची गाडी धरली.