मेद, मधुमेह आणि पुरुषाचे मौन

१९०७ साली नाशिक क्षेत्री आयुर्वेद महासंमेलनाचे पहिले अधिवेशन भरले. 'आर्यभिषक्' या ग्रंथाचे कर्ते वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे हे त्याचे प्रवर्तक होते. विखुरलेल्या वैद्यांना एकत्र आणावे आणि मोडकळीस आलेल्या विद्येला पुन्हा उभारी द्यावी, हा त्यांचा हेतू होता. पुढे १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले, तेही याच नगरीत. आणि सिंहस्थाच्या गर्दीत गोदाघाटाकडे जावे, तर फडक्यावर काळे शिलाजित मांडून 'मर्दानगी'ची ग्वाही देणारा विक्रेताही याच नगरीत भेटतो. ग्रंथ, विद्यापीठ आणि फडके या तिहींच्या मध्ये एक व्याधी शतकानुशतके तोंड लपवून बसली आहे. आज तिचाच इतिहास सांगावयाचा आहे. विषय संकोचाचा आहे खरा. परंतु संकोचानेच त्यात पुष्कळ हानी केली असल्यामुळे मी तो स्पष्टपणे बोलणार आहे.

पुरुषाच्या इंद्रियास संभोगसमयी येणारे शैथिल्य, ही ती व्याधी. जुन्या वैद्यकाने तिला क्लैब्य म्हटले. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाच्या गळाठलेपणाला श्रीकृष्णाने हाच शब्द योजला आहे. म्हणजे ज्या शब्दाने रोगाचे नाव सांगावयाचे त्याच शब्दाने भ्याडपणाचीही निर्भर्त्सना करावयाची! असे नाव कपाळी घेऊन वैद्याच्या ओसरीवर चढण्यास कोण धजेल?

मात्र ग्रंथकारांची दृष्टी शब्दापेक्षा निर्मळ होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांविषयी एक अध्याय आहे. त्यात अतिस्थूल मनुष्याचे आठ दोष सांगितले आहेत. आयुष्याचा ऱ्हास, हालचालीस अडथळा, दुर्बलता, दुर्गंधी, घामाचा त्रास, अतिशय भूक, अतिशय तहान. आणि त्यांच्याच पंक्तीत, कसलाही आडपडदा न ठेवता, संभोगाची कष्टमयता. कारण असे दिले आहे की शुक्र अल्प होते आणि मेदाने मार्ग अडतात. अतिशय भूक, अतिशय तहान आणि ही उणीव एका ओळीत मांडणारा निरीक्षक किती सूक्ष्म असला पाहिजे! चिकित्सास्थानात प्रमेहाची कारणे सांगताना ग्रंथ सुखाने बसून राहणे, झोप, दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा उल्लेख करतो; ध्वजभंगाच्या कारणांतही दही, दूध, पिठूळ व जड अन्न ही पुन्हा भेटतात. येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. यावरून 'सारे काही आमच्या ग्रंथांत होतेच' अशी आरोळी ठोकणाऱ्यांपैकी मी नाही. रक्तातील साखर, धमनी, इन्सुलिन यांची कल्पना त्या काळी नव्हती, आणि त्या ग्रंथांतील कित्येक कारणे आज टिकत नाहीत. परंतु ही तक्रार एका अवयवाची नसून साऱ्या देहाच्या व्यवहाराची आहे, ही खूण तेथे निश्चित आढळते. अकराव्या शतकात इब्न सीनानेही मधुमेहाच्या लक्षणांत संभोगशक्तीच्या ऱ्हासाची नोंद केली होती.

मग ही खूण हरवली कोठे? माझ्या मते ती बाजारात हरवली. शिलाजिताचीच गोष्ट घ्या. सुश्रुताने मधुमेहाच्या चिकित्सेचा जो स्वतंत्र अध्याय लिहिला, त्यात शिलाजिताचा प्रयोग विस्ताराने आहे. औषध म्हणून त्याची योग्यता कितपत, हा निराळा प्रश्न. पण ग्रंथात जे मधुमेह्यासाठी सांगितले, ते घाटावरच्या फडक्यावर येईपर्यंत केवळ पुरुषत्वाचे औषध झाले आणि मधुमेह मागेच गळून पडला! एस. टी. स्थानकांच्या भिंतींवरील 'गुप्तरोग' या अक्षरांनी उरलेसुरले काम केले. रोग गुप्त झाला, म्हणजे त्याचे कारणही गुप्त झाले.

ज्यांनी हा पडदा दूर सारण्याचा यत्न केला त्यांच्या वाट्याला काय आले, तेही सांगितले पाहिजे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईतून १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरे दिली. १९३४ साली अशाच उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही त्यांना दंड झाला. इकडे भोंदू जाहिरातींना आळा घालणारा कायदा मात्र १९५४ सालापर्यंत आला नाही. त्या कायद्याच्या परिशिष्टात ज्या रोगांवर रामबाण औषधाची जाहिरात करण्यास बंदी आहे, त्यांत मधुमेह, स्थूलता आणि नपुंसकत्व ही तिन्ही नावे आढळतात. इंग्रजी वर्णानुक्रमामुळे ती एकमेकांपासून दूर पडली आहेत, इतकेच.

विसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्राने त्या तिघांना पुन्हा जवळ आणले. रक्तवाहिनीचे आतले नाजूक अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण करते, त्यायोगे वाहिनी सैल होऊन रक्त आत येते, आणि इंद्रियाचे उत्थान यावरच अवलंबून असते. या वायूच्या कार्याच्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तात साखर वाढली, चरबी वाढली, रक्तदाब चढला, पोटावर मेद साठला की हे अस्तर बिघडते. दीर्घकाळच्या मधुमेहाने मज्जातंतूही क्षीण होतात. आता साधा हिशेब पाहा. इंद्रियाच्या धमनीचा व्यास १ ते २ मिलिमीटर, हृदयाच्या धमनीचा ३ ते ४. दोन्ही एकाच वेळी बिघडू लागल्या तरी अरुंद वाट आधी अडते. म्हणून ज्याला आपण बेडरूमची नामुष्की समजून लपवितो, ती कित्येकदा हृदयविकाराची दोनतीन वर्षे आधी आलेली वर्दी असते. प्रत्येक वेळी असेच असते असे नव्हे. चिंता, काही औषधे, इजा ही कारणेही असतात. पण चाळिशीच्या पुरुषाने शिलाजिताची डबी विकत घेण्यापूर्वी रक्तशर्करा आणि रक्तदाब तपासून घेणे हे अधिक शहाणपणाचे, यात मला तिळमात्र शंका नाही.

'मी तर सडपातळ आहे' असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचा एक दाखला आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन नेमके सारखे, निर्देशांक २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणूनच भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर जाऊ नये असे मानतात. सुश्रुतानेही प्रमेह्यांचे कृश आणि स्थूल असे दोन वर्ग केले होते, याची येथे आठवण होते.

त्याच सुश्रुताने प्रमेह्याला उपाय सांगितला तो मोठा कठोर आहे: निर्धनाने अनवाणी, छत्रीवाचून, एका गावी एका रात्रीहून अधिक न राहता शंभर योजने चालावे, किंवा विहीर खणावी. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करणाऱ्याला याची थोडी कल्पना येईल. आजच्या काळात इतके कोणी सांगत नाही. २००४ साली इटलीतील नेपल्स येथील वैद्यांनी शैथिल्याने पीडित असलेल्या ११० स्थूल पुरुषांवरील प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील कोणालाही मधुमेह नव्हता. निम्म्यांना आहार व चालणे यांविषयी सविस्तर मार्गदर्शन देऊन वजन उतरविण्यास साहाय्य केले, निम्म्यांना केवळ सामान्य उपदेश केला. दोन वर्षांनी पहिल्या ५५ पैकी १७ जणांचे आरोग्य या बाबतीत पूर्वपदावर आले होते. दुसऱ्या ५५ पैकी ३ जणांचे.