कोविनवर स्लॉट का मिळत नव्हता? लसीकरणाचा क्रम आणि वेग

भारतात कोरोना लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालं. लस सगळ्यांना एकदम पुरणार नव्हती. म्हणून ज्यांना धोका जास्त, त्यांचा नंबर आधी असं ठरलं.

कोणाचा नंबर कधी लागला?
• १६ जानेवारी: डॉक्टर, नर्स, आशा सेविका असे आरोग्य कर्मचारी
• २ फेब्रुवारी: पोलीस, सफाई कामगार असे फ्रंटलाइन कर्मचारी
• १ मार्च: ६० वर्षांवरचे, आणि ठरावीक आजार असलेले ४५ ते ५९ वयाचे
• १ एप्रिल: ४५ वर्षांवरचे सगळे
• १ मे: १८ वर्षांवरचे सगळे

मग अडचण कुठे आली?
१ मेला पात्र लोक एकदम वाढले, डोस मात्र तेवढे नव्हते. महाराष्ट्राने तर मे महिन्यात १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण काही काळ थांबवून डोस ४५ वर्षांवरच्यांकडे वळवले. शिवाय तरुणांना कोविनवर ऑनलाइन बुकिंग सक्तीचं होतं. स्लॉट उघडला की लगेच फुल्ल! म्हणजे इथे नंबर धोक्यावर नाही, तर कोण आधी टॅप करतो यावर लागत होता. ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही, ते मागे पडले. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणीची मुभा मिळाली.

वेग कधी वाढला?
डोसचा पुरवठा वाढल्यावर. २१ ऑक्टोबर २०२१ ला १०० कोटी आणि १७ जुलै २०२२ ला २०० कोटी डोस पूर्ण झाले. ॲप फक्त रांग लावतं. ती किती भराभर सरकेल हे डोसवरच ठरतं.