समांतर तारजोडणी (घरगुती दूरध्वनीची) आणि ब्रॉडबँडचा वेग

समांतर तारजोडणी : दूरध्वनीच्या एकाच वाहिनीवर घरातील निरनिराळ्या दालनांत एकाहून अधिक यंत्रे चालावीत, यासाठी प्रवेशबिंदूपासून पुढे ओढलेल्या तारांच्या फाट्यांची जोडणी. व्यवहारात हिला सरसकट ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. दूरध्वनी केवळ संभाषणापुरता होता तोवर या फाट्यांच्या गुणदोषांची दखल घेण्याचे कारण कोणालाही पडले नाही. परंतु त्याच दोन तारांवरून इंटरनेट येऊ लागल्यावर वेगाची जी तूट ग्राहक एक्स्चेंजच्या खाती मांडत आला, तिचा पुष्कळसा भाग त्याच्याच ओटीवरील व माजघरातील तारांत असतो, ही गोष्ट तंत्रज्ञांच्या अनुभवास आली. प्रस्तुत नोंदीत या दोषाचे स्वरूप व त्याचे निवारण अंजूर परिसराच्या संदर्भात दिले आहे.

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील अंजूर हे गाव वसईच्या मोहिमेत (१७३७–३९) चिमाजी आप्पांना साहाय्य करणाऱ्या गंगाजी नाईक अंजूरकरांच्या घराण्यामुळे इतिहासास ज्ञात असून, आज त्याचा परिसर माणकोली, दापोडे, काल्हेर या गावांसह गोदामांच्या विस्तीर्ण पट्ट्यात मोडतो. तारजोडणीच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टींना महत्त्व आहे. कारण जुन्या पद्धतीची खोल घरे आणि नव्या पद्धतीची लांबलचक गोदामे या दोहोंतही प्रवेशद्वारापासून यंत्रापर्यंतची तार लांबते. दूरसंचाराच्या कारभारात येथील खाडी हीच सरहद्द ठरली. पलीकडचे ठाणे शहर महानगर टेलिफोन निगमच्या (स्थापना १९८६) अखत्यारीत व ०२२ या क्रमांकात आले, तर अलीकडचा भिवंडी तालुका ०२५२२ या क्रमांकाने भारत संचार निगमकडे (स्थापना २०००) राहिला. दोन्ही निगमांनी जानेवारी २००५ मध्ये तांब्याच्या तारेवरील ब्रॉडबँड सेवा सुरू केली. आदल्या वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग सेकंदाला २५६ किलोबिट इतका मुक्रर केला होता, आणि नेमक्या या अल्प अपेक्षेमुळेच घरातील तारांचे दोष पहिली काही वर्षे झाकून राहिले : जी वाहिनी मुळात आठ मेगाबिट वाहू शकली असती ती सदोष जोडणीमुळे दोनवर आली, तरी पाव मेगाबिटाच्या ग्राहकास त्याची वार्ताही लागण्याचे कारण नव्हते. योजनांचा वेग वाढत गेला तसतशी तक्रार उघडी पडली.

या सेवेचे तंत्र ‘एडीएसएल’ या नावाने ओळखले जाते. मनुष्यवाणीला सुमारे चार किलोहर्ट्झपर्यंतची कंप्रता पुरते. तिच्या वरचा मोकळा पट्टा प्रत्येकी ४.३१२५ किलोहर्ट्झच्या अंतरावरील उपवाहकांत विभागून, ज्या उपवाहकावर गोंगाट कमी त्यावर अधिक माहिती लादायची, अशी ही तजवीज असून तिच्या विकासात बेलकोरचे जोसेफ लेक्लायडर व स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन चॉफी यांचा वाटा मोठा आहे. १९९९ च्या आंतरराष्ट्रीय मानकात हा पट्टा १.१ मेगाहर्ट्झपर्यंत होता. २००३ च्या ‘एडीएसएल २ प्लस’ मानकाने तो २.२ मेगाहर्ट्झपर्यंत नेला व कमाल वेग २४ मेगाबिट झाला. कंप्रता जितकी उच्च तितके तांब्याच्या तारेतील क्षीणन अधिक, त्यामुळे एक्स्चेंजपासून चारपाच किलोमीटर अंतरावरील घरास वरच्या पट्ट्याचा उपयोग जवळजवळ उरत नाही.

दोषांचा पहिला प्रकार फाट्याचा. ज्या तारेच्या शेवटी काही जोडलेले नाही, किंवा नुसता ठेवलेला फोन आहे, अशा फाट्यात शिरलेला संदेश टोकाशी आपटून परततो आणि मूळ संदेशात विरुद्ध कलेने मिसळतो. फाट्याची लांबी तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी असेल त्या कंप्रतेवर तर दोन्ही संदेश परस्परांना जवळजवळ पुसून टाकतात. तारेतून संदेश सेकंदास सुमारे वीस कोटी मीटर वेगाने जातो असे धरल्यास, पन्नास मीटरच्या फाट्याने एक मेगाहर्ट्झच्या आसपास आणि पंचवीस मीटरच्या फाट्याने दोन मेगाहर्ट्झच्या आसपास ही खाच पडते. ओटीवरून माळ्यावर व तेथून मागच्या पडवीत नेलेली तार सहज पंचवीस मीटर भरते. जुन्या मानकाच्या सेवेत तिची खाच पट्ट्याबाहेर पडे. नव्या मानकाच्या सेवेत ती ऐन पट्ट्यात आली. सेवा सुधारली आणि वेग मात्र अपेक्षेप्रमाणे वाढला नाही, या तक्रारीचे एक खरे कारण येथे आहे. गोदामातील शंभर मीटरचा फाटा याहून अधिक घातक. त्याची पहिली खाच अर्ध्या मेगाहर्ट्झवर आणि दुसरी दीड मेगाहर्ट्झवर पडते.

दुसरा प्रकार पिळाचा. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्ये दोन तारा परस्परांभोवती पिळण्याच्या युक्तीचे एकस्व घेतले. पिळामुळे बाहेरचा विद्युत्-उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो व अखेरीस रद्द होतो. खात्याची भूमिगत केबल या नियमाने बांधलेली असते. घरात मात्र बाजारातून आणलेली चपटी, बिनपिळाची तार विजेच्या वायरिंगलगत, बहुधा एकाच पट्टीत ठोकून नेण्याचा प्रघात पडला, आणि अशी तार आकाशकाचे काम करू लागते. मुंबई आकाशवाणीच्या ५५८ व १०४४ किलोहर्ट्झ या मध्यमलहरी कंप्रता एडीएसएलच्या पट्ट्याच्या आतच आहेत. त्यांचा आघात अनुक्रमे १२९ व २४२ या क्रमांकांच्या उपवाहकांच्या आसपास होतो. त्यात भिवंडीच्या यंत्रमागांची विद्युत्-चलित्रे, इन्व्हर्टर, नळदिव्यांचे चोक यांच्या ठिणग्यांचा क्षणिक गोंगाट मिळाला की मोडेम वारंवार तुटतो. दूरच्या घरांच्या बाबतीत हाच दोष मुख्य मानावा. तेथे वरचा पट्टा आधीच गेलेला असल्याने फाट्याची खाच गौण ठरते.

तिसरा दोष सांध्यांचा, आणि खाडीकाठच्या दमट हवेत तो सर्वाधिक आढळतो. भिंतीवरील पांढऱ्या डबीचे, म्हणजे रोझेटचे, झाकण उघडले असता पुष्कळदा एकाच स्क्रूखाली तीनतीन तारांची टोके कोंबलेली, त्यांच्यावर हिरवट कळंक चढलेला आणि वळचणीखालचा जोड नुसता हाताने पिळून चिकटपट्टीत गुंडाळलेला दिसतो; पावसाळ्यात त्या पट्टीत पाणी साचते. कळंकाचा थर क्षीण संदेशाला अडवतो, परंतु फोन उचलताच एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या विद्युत्-दाबाने वाहणारा प्रवाह त्याला भेदून जातो. म्हणून बोलणे स्पष्ट ऐकू येते, लाइनमन ‘लाइन चालू’ असा शेरा मारतो, आणि इंटरनेटची तक्रार मात्र कायम राहते. फोन उचलताच किंवा घंटा वाजताच मोडेमचा वेग बदलणे वा जोडणी तुटणे, ही या दोषाची अथवा स्प्लिटर (संभाषणाच्या व इंटरनेटच्या कंप्रता वेगळ्या करणारी डबी) नसल्याची भरवशाची खूण होय.

दोष घराचा की एक्स्चेंजचा, याचा निवाडा ग्राहकास स्वतः करता येतो. बाहेरून येणारी ड्रॉप वायर घरात जेथे प्रथम संपते तेथील रोझेटमधून आतल्या सर्व तारा सोडवून एकटा मोडेम तेथे जोडावा, आणि मोडेमच्या माहितीपृष्ठावरील जोडणीचा वेग, क्षीणन व गोंगाटाविरुद्धची शिल्लक हे तीन आकडे टिपून घ्यावेत; नंतर आतल्या तारा पूर्ववत जोडून तेच आकडे पुन्हा पाहावेत. दोहोंत मोठा फरक पडल्यास दोष घरातील. न पडल्यास केबलचा, पिलरचा किंवा एक्स्चेंजचा, आणि मग १९८ वर तक्रार नोंदविताना हे आकडे सांगण्यासारखा दुसरा पुरावा नाही. एवढी साधी परीक्षा न करता नवा मोडेम विकत घेण्याचा जो रिवाज पडला, त्यात अनेक कुटुंबांचे पैसे विनाकारण खर्ची पडले, याचा खेद वाटतो.

निवारणाचे तत्त्व एकच : पहिल्या रोझेटवरच स्प्लिटर बसवून वाहिनीचे दोन भाग करावेत, मोडेम तेथेच ठेवावा, आणि घरातील सारे फाटे स्प्लिटरच्या फोनकडील बाजूस जोडावेत. फाटे मग उच्च कंप्रतेच्या वाटेतून पूर्णपणे बाहेर जातात व त्यांची लांबी, पीळ, कळंक यांपैकी कशाचीही बाधा मोडेमला होत नाही. मोडेम आतच हवा असल्यास पहिल्या रोझेटपासून पिळाची स्वतंत्र तार न्यावी. प्रत्येक फोनला वेगवेगळी गाळणी लावण्याचा पर्याय दुय्यम होय, कारण फाटे त्यात तसेच राहतात. ब्रिटनमध्ये १९८१ पासूनच्या सॉकेटांत घंटेसाठी असलेली तिसरी तार सोडविल्याने वेग वाढतो, ही माहिती येथेही फिरते. परंतु आपल्याकडील फोन दोनच तारांवर वाजतो, त्यामुळे तो उपाय जसाच्या तसा लागू पडत नाही. गोदामांच्या कचेऱ्यांत ईपीएबीएक्स (कचेरीचे अंतर्गत एक्स्चेंज) असल्यास स्प्लिटर त्याच्याही आधी यावा.

प्रकाशतंतूची जोडणी आलेल्या घरांतून हा प्रश्न मावळतो. मात्र जुने फाटे फोनसाठी वापरायचे असल्यास ते तंतूच्या यंत्राच्या फोन-छिद्राला जोडण्यापूर्वी ड्रॉप वायरपासून पूर्णतः तोडले पाहिजेत. हे यंत्र स्वतःच फोनला विद्युत्-दाब पुरवते, आणि तांब्याची वाहिनी जिवंत राहिल्यास दोन्हीकडचे दाब एकमेकांवर येऊन यंत्र निकामी होण्याचा संभव असतो.